चमक बाजारात मिळते, काळोख मिळत नाही

प्रश्न थोडक्यात असा: "आमचा नृत्याचा वर्ग आहे, बारा जणांचा गट. अमेरिकेतल्या 'लाइटवायर थिएटर'चे व्हिडिओ पाहून, लहानमोठ्यांनी एकत्र बसून पाहावा असा अंधारात चमकणाऱ्या बाहुल्यांचा तासाभराचा प्रयोग करावा असं मनात आहे. तार वापरावी, एलईडी की यूव्ही दिवे? मुलं अंधाराला घाबरतील का? आणि सुरुवात कुठून करावी?"

सगळे आधी सामानाचंच विचारतात. कुठली तार, किती मीटर, कुठल्या दुकानात. मीही एके काळी तेच विचारत फिरले. बालनाट्यांसाठी बाहुल्या करायचे, मग त्यांच्यावर उजेड कसा टाकायचा ते बघायला लागले आणि एकदा अंधारातल्या कामाची चटक लागली ती लागलीच. तेव्हा पहिल्यांदा एवढं सांगते: चमकणारी वस्तू आज घरपोच येते. काळोख कुणी विकत नाही. तो आपला आपण तयार करावा लागतो आणि प्रत्येक नाट्यगृहात नव्याने करावा लागतो. तुमच्या तालमींचा, पैशांचा आणि डोकेदुखीचा मोठा वाटा त्यावरच जाणार आहे. हे पचत असेल तर पुढे वाचा.

आपण ज्याला सरसकट 'ब्लॅकलाइट शो' म्हणतो त्यात तीन वेगळी कुळं आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकांशी जुळत नाहीत.

पहिलं कुळ काळ्या पेटीचं. मूळ युक्ती जादूगारांची. १८८५च्या सुमारास बर्लिनमध्ये माक्स आउझिंगर नावाच्या रंगकर्मीने ती जादूच्या प्रयोगात आणली. काळ्या मखमलीसमोर काळ्या कपड्यातला माणूस दिसत नाही, एवढंच तिचं मर्म. प्रागच्या यिर्झी स्र्नेत्स यांनी १९६१ साली स्वतःची मंडळी उभी केली आणि या युक्तीचं अख्खं नाटक केलं. पुढच्याच वर्षी ती मंडळी एडिंबरोच्या महोत्सवात गाजली आणि प्रागमध्ये या प्रकाराची पेठच वसली. रचना अशी: रंगमंच तिन्ही बाजूंनी काळ्या मखमलीत मढवायचा. दिवे समोरून मारायचे नाहीत, दोन्ही विंगांतून आडवे टाकायचे, म्हणजे प्रेक्षकांना समांतर अशी उजेडाची एक अरुंद गल्ली तयार होते. त्या गल्लीत धरलेली छत्री दिसते. छत्री धरणारा हातभर मागे काळ्या पोशाखात उभा असतो, तो दिसत नाही. खर्च कमी, कसब जबरदस्त. बोटभर पुढे सरकलात की तुमची नडगी उजेडात येते.

दुसरं कुळ यूव्हीचं. फ्लुरोसंट रंग हा अतिनील प्रकाश शोषून घेतो आणि डोळ्यांना दिसणारा उजेड बाहेर टाकतो. हे रंग बाजारात आणणारे कॅलिफोर्नियातले स्वित्झर बंधू, १९३०च्या दशकातले. त्यांतला एक भाऊ हौशी जादूगार होता आणि सुरुवातीचे प्रयोग त्याने जादूच्या खेळातच केले, हे मला फार आवडतं. म्हणजे दोन्ही कुळांची आजी जादूच.

यातच एक गैरसमज नेहमी भेटतो. शाळेच्या वह्यांवर चिकटवायच्या, रात्री हिरव्या चमकणाऱ्या चांदण्या असतात ना, त्या फ्लुरोसंट नव्हेत. त्या उजेड साठवून ठेवतात आणि मग हळूहळू सोडतात. तो रंग पहिली काही मिनिटं छान दिसतो आणि मग उतरत जातो. नायकाच्या अंगावर तो लावाल तर तिसऱ्या प्रवेशात नायक गायब. एका गोष्टीला मात्र तो अप्रतिम आहे: विंगेतल्या पायऱ्यांना, कोपऱ्यांना, प्रॉपर्टीच्या टेबलाच्या कडेला त्याची पट्टी लावा. तुमचे कलाकार दुवा देतील.

तिसरं कुळ तारेचं, म्हणजे इलेक्ट्रोल्युमिनेसंट तारेचं. आमच्यात तिला नुसतं 'ईएल' म्हणतात. १९३६ साली जॉर्ज देस्त्रिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाला दिसलं की झिंक सल्फाइडच्या पुडीतून एसी विजेचं क्षेत्र नेलं तर ती पूड उजळते, तापत नाही. तारेची रचना त्यावरच बेतलेली. मध्ये तांब्याची तार, तिच्यावर फॉस्फरचा, म्हणजे अशा उजळणाऱ्या पुडीचा लेप, त्या लेपाभोवती केसाएवढ्या दोन बारीक तारा गुंडाळलेल्या आणि वरून प्लास्टिकचं कवच. बॅटरीची वीज एका चिमुकल्या इन्व्हर्टरमधून साधारण १०० व्होल्टच्या एसीत बदलते आणि ती तार अंगभर सारखी उजळते. तुम्ही ज्यांचे व्हिडिओ पाहिलेत ते लाइटवायरवाले न्यू ऑर्लीन्सचे. इअन कार्नी आणि कॉर्बिन पॉप हे दोघंही मुळात ब्रॉडवेवर नाचणारे नर्तक. त्यांचं पहिलं मोठं काम डायनोसॉरच्या गोष्टीचं. २०१२ साली 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'च्या उपांत्य फेरीपर्यंत गेल्यावर जगाला ते माहीत झाले. दोघं इलेक्ट्रिशियन नव्हते, नर्तक होते, हे विसरू नका. तुमच्यासाठी तीच आशेची गोष्ट आहे. व्हिडिओत तुम्हाला तार दिसते, पण त्या डायनोसॉरच्या मानेत जो जीव आहे तो तारेतला नाही.

आता निवड. तुमचा गट नर्तकांचा आहे आणि गोष्ट सांगायची आहे, तर तार घ्या. कारण तार स्वतः दिसते, पण आजूबाजूला उजेड सांडत नाही. नर्तकाच्या छातीवर ती लावली तरी त्याचा हात, हनुवटी अंधारातच राहते. एलईडी पट्टीचं उलट आहे. रंग झकास, पाहिजे तसे बदलता येतात, पण ती सांडते. बाहुली उजळते, सोबत बाहुली नाचवणाऱ्याचं नाकही उजळतं. शिवाय ती विजेची भुकेली. मीटरला ६० दिव्यांची रंग बदलणारी पट्टी पूर्ण पांढरी केली तर ५ व्होल्टवर मीटरमागे साडेतीन अँपिअरच्या पुढे जाते. दहा मीटर पट्टीची बदकीण पाठीवर बॅटरीचं गाठोडं घेऊन नाचणार का? एलईडी वापरायचीच तर फुलाच्या पोटात, कंदिलात, पांढऱ्या फोमच्या आत लपवून वापरा. यूव्ही ठेवा समूहदृश्यांसाठी: मासे, फुलपाखरं, पानं, ढग. पंचवीस मासे तारेने करायला गेलात तर पंचवीस इन्व्हर्टर सांभाळावे लागतील. यूव्हीत पंचवीस मासे म्हणजे फोमचे तुकडे आणि दोन डबे रंग. फक्त यूव्ही दिवे कलाकारांच्या डोळ्यांसमोर, जवळ लावू नका. डोळ्याचं भिंगच त्या प्रकाशात किंचित चमकतं आणि समोर धुकं पसरल्यासारखं दिसतं. नर्तक आधीच आंधळा, त्यात हे नको.

तार आणि यूव्ही एकाच प्रवेशात मिसळायची घाई मात्र करू नका. यूव्ही लागला की काळोखाचे नियम बदलतात. ते मी कसं शिकले ते सांगते.

एका प्रयोगाच्या आदल्या दिवशी आमच्यातल्या एका मुलीच्या आईने सगळ्यांचे काळे पोशाख मायेने धुऊन, वाळवून, घड्या घालून आणून दिले. तोवर आम्ही ते झटकून नुसते वाऱ्यावर टाकायचो. यूव्ही लागला आणि आठ अदृश्य माणसं तारांगणासारखी लुकलुकायला लागली. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून डिटर्जंटमध्ये जे द्रव्य घालतात तेच फ्लुरोसंट असतं. ते काळ्या कापडावर बसलं होतं, शिवाय यंत्रातल्या पांढऱ्या टॉवेलचे कण चिकटले होते. पुढच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "आई, माशाच्या मागे काका आहेत!" त्यानंतर पाच मिनिटं माशांकडे कुणी बघितलं नाही. सगळा बालप्रेक्षक काका मोजत होता.

तेव्हापासून आमच्याकडे पोशाखांची वेगळी बादली आहे, साध्या पाण्याची, आणि कपडे चढवल्यावर प्रत्येकाने यूव्ही दिव्यासमोर गर्रकन फिरून दाखवायचं. दुसरा माणूस चिकटपट्टीचा रोल घेऊन कण टिपतो. याच फेरीत बाकीचे चोर सापडतात: कॅनव्हासच्या बुटांची पांढरी कड, नेलपॉलिश, लग्नातला गजऱ्याचा दोरा, हातावरचा राखीचा धागा. हसलात तर दातही चमकतात. चष्मा घालून आत यायचं नाही, काच तारेचा उजेड परत फेकते.

कापड निवडताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका. तिथे सगळं काळं काळंच असतं. घरी अंधार करून प्रत्येक नमुन्यावर टॉर्च आणि यूव्ही मारून पाहा. चकचकीत सॅटिन बाद, काही पॉलिस्टर यूव्हीत जांभळट किंवा तांबूस दिसतात, तेही बाद. मखमल सगळ्यात चांगली, कारण तिचे उभे तंतू उजेड आत गिळतात. पण पुण्या-मुंबईच्या मे महिन्यात मखमलीत नाचून दाखवा म्हणजे झालं. आम्ही पडद्यांना मखमल आणि अंगावर मॅट काळी सुती होजिअरी असा तह केला. तोंडावर काळ्या जाळीचे दोन थर. एका थरातून गाल दिसतात, तीन थरांतून समोरचं काही दिसत नाही.

जमिनीचं लक्षात ठेवा. पॉलिश केलेला लाकडी रंगमंच आरशासारखा वागतो. वर बदक, खाली बदक. आम्ही पहिल्यांदा घाबरून सगळीकडे काळं जाजम अंथरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की तळ्याच्या प्रवेशात हे पाहिजेच आहे. आता नाचाची काळी विनाइल चटई फक्त मधल्या पट्ट्यात अंथरतो. बदक त्यावर आलं की खाली त्याचं थरथरतं प्रतिबिंब दिसतं. त्या प्रतिबिंबासाठी एका रुपयाचाही जास्त खर्च नाही.

नाट्यगृहाशी भांडण होईल ते दरवाज्यांवरून. 'बाहेर जाण्याचा मार्ग' असं लिहिलेले हिरवे दिवे झाकायचे नाहीत, कधीच नाही. आग लागली तर तेच कामाचे. त्यांचा उजेड रंगमंचावर कुठे पडतो ते आदल्या दिवशी बघा आणि काळा पडदा आपल्या बाजूने वळवा. उशिरा येणाऱ्यांसाठी दाराच्या आत दुसरा काळा पडदा टांगा, म्हणजे एका वेळी एकच उघडेल. एका गावातल्या सभागृहाने आम्हाला 'पूर्ण अंधार होतो' असं छातीठोक सांगितलं होतं. दुपारी चारच्या प्रयोगाला कळलं की छताजवळ बारा झरोके आहेत. बारा झरोक्यांतून बारा उन्हाचे पट्टे, आणि आमची चमकणारी परी त्यांतून फिकट दोरीसारखी चाललेली. म्हणून सभागृह बघायला जायचं ते प्रयोगाच्या वेळेलाच.

आता तारेकडे. ती तुटते. तुटेलच. गुडघा, मान, पंख जिथे वाकतो तिथे आतली ती केसाएवढी तार आधी तुटते आणि त्यापुढचा भाग विझतो. आमच्या कासवाची मान प्रयोग चालू असताना विझली. प्रेक्षकांना दिसलं ते एक पाठ आणि पाठीपासून हातभर पुढे हवेत तरंगणारा डोळा, कारण डोळा वेगळ्या तारेचा होता. आत असलेल्या मुलाने डोकं चालवलं, डोळा हळूच पाठीत नेला आणि कासव झोपलं. गोष्टीत झोपतो ससा, पण त्या दिवशी कासवही झोपलं.

उपाय एवढाच: सांध्यावर तार ताणून शिवायची नाही, सैल वळण ठेवायचं, कच्च्या टाक्यात दोरा सैल सोडतो तसं. शिवायला मासेमारीचा पारदर्शक नायलॉन दोरा, बोटभर अंतरावर एकेक टाका. जिथे उजेड नको, म्हणजे डोळ्याकडून चोचीकडे जाताना मधला तुकडा, तिथे तारेवर काळी नळी चढवायची. कापलेलं प्रत्येक टोक तापवल्यावर आकसणाऱ्या श्रिंक नळीने बंद. करंट फार थोडा असतो, पण घामेजलेल्या अंगाला १०० व्होल्टचा चिमटा बसला की नर्तक उडी मारतो आणि ती नृत्यदिग्दर्शनात नसते. इन्व्हर्टर किती मीटरचा आहे ते बघून तेवढीच तार जोडा. जास्त जोडलीत तर मंद जळते, फार कमी जोडलीत तर झगझगते आणि लवकर म्हातारी होते. प्रत्येक आकृतीमागे एक जादा इन्व्हर्टर आणि नव्या सेलची जोडी विंगेत हवी.

इन्व्हर्टर गुणगुणतो, हेही सांगायला हवं. माझ्या पन्नाशी उलटलेल्या कानांना तो आवाज जवळजवळ येतच नाही, म्हणून मी बरीच वर्षं बेफिकीर होते. एका शांत प्रवेशात, बदक एकटंच तळ्याकाठी, सात वर्षांच्या एका मुलाने आजीला विचारलं, "डास कुठे आहे?" लहान कान वरचे स्वर आपल्यापेक्षा चांगले ऐकतात. तेव्हापासून इन्व्हर्टर फोम लावलेल्या कापडी पिशवीत, कमरेला, प्रेक्षकांकडे पाठ करून. आणि शांत प्रवेशातही खाली तंबोऱ्यासारखा एखादा सूर चालू ठेवतो.

इथवर सगळं सामानाचं झालं. आता मला जे खरं सांगायचं आहे ते.

१९७३ साली स्वीडनमधल्या उप्साला इथे गुन्नर योहान्सन या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. माणसाच्या सांध्यांवर डझनभर प्रकाशाचे ठिपके लावले आणि अंधारात त्याला चालताना चित्रित केलं. थांबलेलं चित्र दाखवलं की लोकांना नुसते ठिपके दिसत. चित्र चालू केलं की क्षणार्धात, सेकंदाच्या एका अंशात, 'अरे, माणूस चालतोय!' ज्या दिवशी हे वाचलं त्या दिवशी माझ्या फसलेल्या प्रयोगांचं कोडं सुटलं. अंधारात बाहुलीला चेहरा नसतो, हालचाल हाच तिचा चेहरा. ती थांबली की बदक संपलं, उरली वेटोळं घातलेली तार.

म्हणून आमच्याकडे नियम आहे: कुठलीही आकृती पूर्ण थांबत नाही. उभी असली तरी श्वास घेते. मान बोटभर वर, बोटभर खाली, छातीच्या रेषेला किंचित फुगवटा. नर्तकांना हे सांगावं लागतं कारण त्यांना 'पोझ' धरायची सवय. लखलखत्या रंगमंचावर पोझवर टाळ्या पडतात, अंधारात पोझ म्हणजे दुकानाची पाटी. दुसरं, एका वेळी एकच बोलतो. ज्याचं वाक्य किंवा ज्याचा सूर, तो हलतो, बाकीचे नुसते श्वास घेतात. हे मी कुठल्या परदेशी पुस्तकातून शिकले नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलाकारांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहताना शिकले. तिथे सगळं उलट आहे, उजेड बाहुलीच्या मागे आणि आपल्याला दिसते ती सावली. पण पडद्यावर चार पात्रं असली तरी कोण बोलतंय हे क्षणभरही चुकत नाही, कारण हात एकाचाच हलतो.

तुमच्या नर्तकांना पहिल्या आठवड्यात जे रडवेल ते वेगळंच असेल: तोल. आपण तोल कानांच्या आतल्या यंत्रणेने सांभाळतो तसा डोळ्यांनीही सांभाळतो. गिरकी घेताना नजर एका बिंदूवर ठेवायची आणि डोकं शेवटी फिरवायचं, हे तुम्हीच मुलांना शिकवलं असेल. अंधारात तो बिंदूच नाही. कथकच्या मुलीसुद्धा दुसऱ्या चक्रात भिंतीकडे निघतात. आम्ही मागच्या विंगेत, प्रेक्षकांना दिसणार नाही असा, नखाएवढा लाल दिवा ठेवतो. जमिनीवर काळ्या टेपखाली जाड सुतळी चिकटवतो, ती पावलांना कळते: एक सुतळी म्हणजे मध्य, दोन सुतळ्या म्हणजे पुढे कडा, थांबा. पावलं मोजूनच. कुणीही कुणाला वाट देताना नेहमी आपल्या उजवीकडून. हा एक नियम पहिल्या दिवशी केला असता तर आमच्या सशाच्या पुढच्या दाताचे पैसे वाचले असते. तालीम आधी पूर्ण उजेडात, मग अर्ध्या, मग अंधारात. उलट केलीत तर माणसं एकमेकांना घाबरायला लागतात आणि ती भीती नाचात उतरते.

एक गंमत फुकट मिळते, ती वापरा. काळ्या पोशाखातला नर्तक चमकत्या आकृतीसमोरून गेला की तो तिला खातो. म्हणजे तुमच्याकडे खोडरबर आहे. ससा हळूहळू बिळात जातो तेव्हा बीळ असं काही नसतंच, एक मुलगी काळं कापड धरून त्याच्यासमोर सरकते. तार फक्त पुढच्या अंगाला लावली तर पाठ फिरवली की आकृती नाहीशी. बटण तळहातात, तेही नर्तकाच्या स्वतःच्या. लाइटच्या बोर्डावरून विझवायला जाल तर अर्धा ठोका उशीर होणारच. आणि अंधारात मागचं-पुढचं कळत नसल्यामुळे लहान बदक म्हणजे लांबचं बदक. तीच आकृती तीन मापांत करा: वीतभर, हातभर, माणसाएवढी. एक विझवायची, दुसरी लावायची. बदक उडत आकाशातून खाली आलं, नर्तक तीन पावलंही चाललेला नाही.

रंगांबद्दल फक्त एक. अंधाराला सरावलेला डोळा निळ्या-हिरव्याकडे ओढला जातो आणि लाल त्याला मळकट दिसतो. ईएल तारेतही निळसर हिरवाच मुळात सगळ्यात तेजस्वी, लाल दुबळा. म्हणून नायक लाल करू नका, मग निर्मात्याने कितीही आग्रह धरला तरी. लाल ठेवा लांडग्याला. तो कमीच दिसला पाहिजे, जरा उशिरा दिसला पाहिजे.

आता मुलांच्या भीतीचं. मुलं अंधाराला घाबरतात का? काही घाबरतात. पण मला आढळलं ते असं की ती आवाजाला जास्त घाबरतात. काळोख आणि त्यातून अचानक ढोल, हे चार वर्षांच्या पोराला सहन होत नाही. काळोख आणि त्यात ओळखीचा, थोडा बावळट आवाज, हे चालतं. म्हणून आमचा प्रयोग काजव्यापासून सुरू होतो. तिसरी घंटा झाली की सभागृहाचे दिवे चालू असतानाच एक काजवा येतो, विंगेतून नव्हे तर प्रेक्षकांमधल्या वाटेवरून, आणि तक्रार करतो की इथे फार उजेड आहे, मला कुणी बघतच नाही. मुलांनाच विचारतो, करू का थोडा कमी? मुलं 'हो' म्हणून ओरडतात. दिवे थोडे उतरतात. असं चार वेळा. शेवटचा दिवा मुलांच्या सांगण्यावरून विझतो, आणि विझण्याआधीपासून काजवा त्यांच्यासमोर लुकलुकत असतो. अंधार त्यांच्यावर पडत नाही, त्यांनी तो केलेला असतो. याच काजव्याकडून मोबाईलचंही काम करून घ्यायचं: "तुमच्या आईबाबांच्या खिशातले काजवे झोपवा." घोषणा ऐकून फोन बंद न करणारा बाप मुलीने दटावल्यावर निमूट बंद करतो.

पहिल्या दहा मिनिटांत दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त कोरा काळोख ठेवू नका. नंतर चालतो. झगमगाटी स्ट्रोब अजिबात नको. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा चमकणारं काही ठेवू नका, अपस्माराचा त्रास असलेलं मूल प्रेक्षकांत असू शकतं. तीन वर्षांखालच्यांना दाराजवळच्या रांगा द्या. आणि तासाभराचा हट्ट सोडा. पन्नास मिनिटं, मध्यंतर नाही. मध्यंतरात बाहेरच्या उजेडात वडापाव खाऊन आलेल्या डोळ्यांना पुन्हा अंधाराची सवय व्हायला बराच वेळ लागतो, तोवर तुमचा दुसरा अंक मंद वाटतो. गोष्ट ओळखीची घ्या. बाहुल्यांना चेहरा नाही, शब्द कमी, त्यात गोष्टही अनोळखी असेल तर आजोबा नातवाला समजावत बसतात आणि शेजारचे शूऽऽ करतात.

शेवटी बाहुल्या नाचवणारे दाखवावेत की नाही, यावर आमच्यात भांडणं आहेत. जुने लोक म्हणतात, जादू उघडी करू नये. मी दाखवते. टाळ्यांनंतर पाच मिनिटं पूर्ण उजेड. काळी घामेजलेली माणसं जाळी वर करून उभी. मग त्यांतलं एक जण उजेडातच बदक हातात घेऊन त्याला श्वास घ्यायला लावतं. उजेडात ती तार नुसती मळकट पांढरी दिसते, नायलॉनचे टाके दिसतात, सुतळी दिसते, आणि तरीही पोरं बदकाशीच बोलतात, माणसाशी नाही. रात्री झोपताना खोलीतल्या काळोखात कुणी असलंच तर ते असंच एखादं काळे कपडे घातलेलं, हसरं, घामाने डबडबलेलं माणूस असेल, असं एका आईने मला तिच्या मुलीचं म्हणणं म्हणून सांगितलं होतं.

सुरुवात कुठून, हा तुमचा शेवटचा प्रश्न. बारा जणांचे पोशाख शिवायला टाकू नका. तीन मीटर निळसर हिरवी तार, एक इन्व्हर्टर, दोन सेल, जुन्या छत्रीच्या काड्या आणि एक काळी ओढणी आणा. चोच, मान, पंखाची एक रेघ, शेपूट, बस. पिसं काढू नका, जितक्या रेघा कमी तितकं बदक जास्त. मग वर्गाच्या खिडक्यांना गोधड्या लावा आणि तुमच्यातल्या सगळ्यात शांत मुलीच्या हातात ते द्या, सगळ्यात चपळ मुलीच्या नको. तिला एकच सांगा: चालायचं नाही, नाचायचं नाही, दोन मिनिटं नुसता श्वास. समोर शेजाऱ्यांची दोन-तीन मुलं बसवा आणि काय दिसतंय ते विचारू नका, ती काय बोलतात ते ऐका. 'लाइट', 'वायर' असे शब्द आले तर उद्या परत तेच. कुणी 'ते झोपलंय का?' म्हणालं, तर दुसऱ्या दिवशी तार आणायला जा.